पाळकाची भाकरी

१८५४ सालच्या डिसेंबरात नगरच्या अमेरिकन मिशनच्या आवारात बोस्टनहून दोन बडे पाहुणे उतरले होते. एक रूफस अँडरसन, दुसरे ऑगस्टस थॉम्प्सन. अँडरसन हे अमेरिकन बोर्ड या मिशनरी संस्थेचे परराष्ट्र सचिव. १८३२ पासून १८६६ पर्यंत, म्हणजे तब्बल चौतीस वर्षं, सिलोनपासून तुर्कस्तानपर्यंत आणि हवाई बेटांपासून नगरपर्यंतच्या मिशनऱ्यांना याच माणसाची पत्रं जात. पगार किती, शाळा किती, छापखाना हवा की नको, सगळं तो ठरवायचा. आता तो स्वतः तपासणीला आला होता आणि त्याच्या मनात एक प्रश्न पक्का होता. इतकी वर्षं झाली, इतके पैसे ओतले, इतकी माणसं मातीत गेली; मग इथल्या मंडळीला, म्हणजे इथल्या चर्चला, इथला पाळक अजून का नाही?

त्या भेटीच्या सुमारास हरिपंत खिस्ती आणि रामकृष्णपंत मोडक या दोघांना दीक्षा देऊन पाळक नेमण्यात आलं. नगरच्या एका मंडळीच्या दोन मंडळ्या झाल्या आणि दोघांकडे एकेक सोपवली गेली. या मिशनच्या इतिहासात मराठी माणूस पूर्ण अधिकारानं मंडळीचा पाळक होण्याची ही पहिलीच वेळ. मुंबईत मिशनरी उतरले होते १८१३ मध्ये. म्हणजे या एका गोष्टीला एकेचाळीस वर्षं लागली.

नवी मंडळी कुणी सुरू करायची, त्यासाठी माणूस कसा हेरायचा, त्याला काय शिकवायचं आणि मुख्य म्हणजे त्याची चूल कुणी पेटती ठेवायची, हे प्रश्न प्रोटेस्टंट पंथांपुढे जगभर आहेत. अमेरिकेत आज त्यासाठी मुलाखती, चाचण्या, प्रशिक्षण शिबिरं आहेत. पण या प्रश्नांचा सगळा गुंता एका जिल्ह्यात, एकाच मिशनच्या शंभर-सव्वाशे वर्षांच्या व्यवहारात पाहायचा असेल तर अहमदनगर, आजचं अहिल्यानगर, यासारखी दुसरी जागा मराठी मुलखात नाही.

नगरचं ठाणं उघडलं १८३१ च्या डिसेंबरात. अॅलन ग्रेव्ह्ज, हॉलिस रीड, विल्यम हर्वी हे तिघे अमेरिकन आणि त्यांच्याबरोबर बाबाजी नावाचा एक ख्रिस्ती झालेला ब्राह्मण. पुढच्याच उन्हाळ्यात हर्वी पटकीनं गेला. १८३३ मध्ये बाबाजीही पटकीनंच गेला. रीडनं पुढे त्याचं चरित्र लिहून अमेरिकेत छापलं. त्याच १८३३ साली नगरची पहिली मंडळी स्थापन झाली आणि तिच्यात गरीबखान्यातली आंधळी-पांगळी, निराधार माणसं होती. मंडळीची सुरुवात अशा लोकांपासून झाली ही गोष्ट मिशनऱ्यांनी कधी लपवली नाही. मात्र त्यांच्यातून पाळक निघेल असंही कुणाला वाटलं नाही. पाळक म्हणजे शिकलेला, शास्त्र जाणणारा, चारचौघांत वाद घालू शकणारा माणूस. आणि त्या काळात असा माणूस म्हटला की मिशनऱ्यांचीही नजर ब्राह्मणवाड्याकडेच वळे. हरिपंतांचा बाप्तिस्मा १८३९ मधला. त्यांच्या पाठोपाठ मोडक आले. दोघांनाही घरादारावर पाणी सोडावं लागलं. त्यांच्या निष्ठेबद्दल शंका घ्यायला जागा नाही. पण बाप्तिस्मा आणि दीक्षा यांच्यात पंधरा वर्षं का जावीत? तोवर ते उपदेश करत होते, शिकवत होते, बाजारात उभे राहून बोलत होते. पाळकाचं काम करायला त्यांना मोकळीक होती, पाळकाचा अधिकार मात्र नव्हता.

अँडरसनला हेच खुपत होतं. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: मिशनऱ्यानं पाळक व्हायचंच नाही. त्यानं प्रेषित पौलासारखं एका गावातून दुसऱ्या गावात जायचं, विश्वासू माणसं जमली की त्यांची मंडळी बांधायची, त्यांच्यातलाच एक पाळक नेमायचा आणि पुढे चालू लागायचं. मंडळीनं आपला कारभार आपण पाहावा, आपला खर्च आपण भागवावा आणि आपणच पुढच्या गावात सुवार्ता न्यावी. इंग्लंडात चर्च मिशनरी सोसायटीचे हेन्री व्हेन याच सुमारास याच निष्कर्षावर आले होते. स्वशासन, स्वावलंबन, स्वप्रसार ही त्रिसूत्री या दोघांच्या नावावर जमा आहे. पुढे कोरियातल्या प्रेस्बिटेरियनांनी १८९० मध्ये जॉन नेव्हिअस या मिशनऱ्याच्या सल्ल्यानं हीच वाट धरली आणि तिथल्या मंडळ्या लवकर स्वतःच्या पायावर उभ्या राहिल्या. नगरला ही वाट त्याआधी साडेतीन दशकं आखून मिळाली होती.

मग इथे ती का चालली नाही?

एक कारण खुद्द अँडरसननंच निर्माण केलं. पाळक गावचा हवा, तर त्याचं शिक्षण गावच्या भाषेत हवं, हे त्याचं म्हणणं रास्त होतं. पण त्यानं त्यावरून पुढची उडी मारली आणि इंग्रजी शिक्षणच बंद करायला लावलं. इंग्रजी शिकलेला पोरगा उपदेशक होत नाही, कचेरीत कारकून होतो, असा त्याचा हिशेब. १८३६ पासून चाललेली नगरची सेमिनरी, म्हणजे मुलांची निवासी शाळा, मोडीत निघाली. तिच्या जागी उपदेशक आणि शाळामास्तर तयार करण्यापुरते मराठी वर्ग आले. या निर्णयावर अमेरिकेतही वादळ उठलं. रॉयल वाइल्डर हा मिशनरी नगरच्या सेमिनरीत काम करून १८५२ मध्ये कोल्हापूरला गेला होता. शाळांच्याच प्रश्नावर त्याचं बोर्डाशी इतकं बिनसलं की तो बोर्डाबाहेर पडून स्वतंत्रपणे कोल्हापूरला परतला, आणि कोल्हापूरचं मिशन शेवटी प्रेस्बिटेरियनांकडे गेलं.

अँडरसनचा हिशेब अर्धा बरोबर होता. कारकुनीची ओढ खरी होती. पण दुसऱ्या अर्ध्याचं मोल नगरच्या पाळकांनी पिढ्यान् पिढ्या चुकतं केलं. मिशनच्या सभांचा कारभार, बोर्डाशी पत्रव्यवहार, पैशाचे ठराव हे सगळं इंग्रजीत. मराठी पाळकाला मंडळीचा कारभार सोपवायचा आणि ज्या भाषेत त्या कारभाराचे निर्णय होतात ती भाषा त्याच्यापासून दूर ठेवायची, अशानं स्वशासन यायचं तरी कुठून? नगरला डॉ. भा. पां. हिवाळे यांनी कॉलेज काढलं १९४७ मध्ये. सेमिनरी मोडल्याला तेव्हा नव्वद वर्षं उलटली होती.

दुसरं कारण भाकरीचं. ते अधिक खोल आहे.

१८५५ नंतर नगर जिल्ह्याच्या उत्तरेकडे आणि पूर्वेकडे, नेवासे, राहुरी, शेवगाव या भागांत ख्रिस्ती होणाऱ्यांची संख्या वाढली आणि गावोगाव लहान लहान मंडळ्या उभ्या राहू लागल्या. ही माणसं बहुतेक महार समाजातली, काही मांग समाजातली. म्हणजे गावकुसाबाहेरची. त्यांचं पोट बलुत्यावर, वतनाच्या तुटपुंज्या जमिनीवर आणि येसकराच्या पाळीला घरोघर मागून आणलेल्या भाकरीवर. गावकीची कामं करायची, मेलेलं ढोर ओढायचं, चावडीवर हाकेला हजर राहायचं, त्याचा मोबदला सुगीला पेंढ्यांनी आणि रोज भाकरतुकड्यानं. कुणी बाप्तिस्मा घेतला की पहिला घाव इथे बसे. पाटील म्हणे, आता तू साहेबाचा, तुझं बलुतं बंद. भाऊबंद म्हणत, देवाच्या कामाला येत नाहीस, तर वाटणीही नाही. अशा दहा-बारा घरांची मंडळी. तिनं पाळक पोसायचा कसा? न्यू इंग्लंडच्या खेड्यात स्वतःची शेती असलेले लोक वर्गणी काढून पाळक ठेवत, ते गणित महारवाड्यात जसंच्या तसं बसणारं नव्हतं.

मिशननं मधला मार्ग काढला. पगाराचा काही भाग मंडळीनं द्यायचा, उरलेला मिशननं. आणि मिशनचा वाटा दरवर्षी कमी करत न्यायचा. दशमांशाची शिकवण दिली गेली. ज्यांच्याकडे पैसा नव्हता त्यांच्या बायका दळायला बसताना देवाच्या नावानं मूठभर धान्य बाजूला काढू लागल्या. हे धान्य जमवून पाळकाच्या घरी जाई. या मुठीचं मोल कमी लेखू नये. ज्या घरात रात्रीच्या भाकरीची शाश्वती नाही तिथून ती आलेली असे. पण ती मूठ घेऊनही पगाराचा मोठा हिस्सा साहेबाकडूनच येत राहिला, आणि ज्याची खावी पोळी त्याची वाजवावी टाळी हे गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक. मंडळीला पाळक मिशनचा नोकर वाटे. मिशनला तो आपल्या हाताखालचा माणूस वाटे. खुद्द पाळकाला काय वाटत असेल, ते त्याच्या घरच्यांनीच जाणलं असणार.

कागदावर मात्र व्यवस्था फार वेगळी होती आणि ती समजून घेण्यासारखी आहे. नगरचं हे अमेरिकन मराठी मिशन काँग्रिगेशनल पंथाचं. या पंथात बिशप नाही, वरून हुकूम देणारं कुणी नाही. स्थानिक मंडळी हीच पूर्ण चर्च. एखाद्या गावात पुरेसे विश्वासू लोक झाले की शेजारच्या मंडळ्यांचे पाळक आणि प्रतिनिधी बोलावले जात. नव्या सभासदांनी विश्वासाची कबुली द्यायची, एकमेकांशी आणि देवाशी करार करायचा, मग मंडळी स्थापन झाल्याचं जाहीर होई. पाळकाचंही तसंच. मंडळीनं त्याला बोलावणं द्यायचं. मग जमलेल्या प्रतिनिधींपुढे त्याची उघड परीक्षा. तू विश्वासात कसा आलास? तारण म्हणजे काय? मंडळीत कुणी पुन्हा बिरोबाच्या जत्रेला गेला तर तू काय करशील? परीक्षकांचं समाधान झालं की उपदेश, मग दीक्षित पाळकांनी त्याच्या मस्तकावर हात ठेवून प्रार्थना, मग उजवा हात पुढे करून सहभागितेत स्वीकार. शेवटी दोन बोधपर भाषणं: एक पाळकाला त्याची कर्तव्यं सांगणारं, दुसरं मंडळीला तिची. या दुसऱ्या भाषणात पाळकाला वेळेवर पगार द्या, हे आलंच.

या रीतीत एक फार मोठी गोष्ट दडलेली होती. महारवाड्यातला माणूस, ज्याचं मत गावच्या चावडीवर कुणी विचारलं नव्हतं, तो इथे उभा राहून ठराव मांडत होता, हात वर करून मत देत होता, पाळक निवडत होता. नगरच्या खेड्यांत अस्पृश्य मानलेली माणसं सभेचं कामकाज चालवायला पहिल्यांदा शिकली ती बहुधा इथेच. त्या काळाच्या नोंदी वाचताना वाटतं, मिशनऱ्यांना स्वतःलाही आपण केवढी गोष्ट त्यांच्या हाती दिली आहे याची पुरती जाणीव नसावी.

पण मंडळी सुरू होण्याआधी तिथे कोण पोचलेलं असे? दीक्षित पाळक नव्हे. मास्तर. नगर जिल्ह्यातल्या बहुतेक गावच्या मंडळ्यांचा खरा संस्थापक हा शाळामास्तर आहे, आणि या लेखाचं म्हणणं मांडायचं तर ते हेच आहे. मिशनच्या वर्गात चार-दोन वर्षं शिकलेला तरुण, नवी नवरी बरोबर घेऊन एखाद्या गावात धाडला जाई. शाळा महारवाड्याच्या तक्क्यात, म्हणजे वाड्याच्या सामायिक चावडीत. दिवसा मुलांना बाराखडी, पाढे, बायबलातल्या गोष्टी. संध्याकाळी मोठी माणसं कामावरून परतली की त्याच तक्क्यात दिवा लावून वाचन आणि प्रार्थना. कुणाचा अर्ज लिहून द्यायचा, कुणाचं सावकाराचं खतपत्र वाचून दाखवायचं, तापानं फणफणलेल्याला मिशनच्या डॉक्टरकडे पोचवायचं. राहुरीला डॉ. विल्यम ऑसबॉर्न बॅलंटाइन होते, मिशनरी हेन्री बॅलंटाइन यांचे चिरंजीव. आसपासच्या खेड्यांतले मास्तर रोग्यांना त्यांच्याकडे नेत. वर्ष-दोन वर्षांत चार घरं विश्वासात आली की मिशनरी येऊन बाप्तिस्मा देई. नोंद मिशनऱ्याच्या नावे होई.

या मास्तराला कुणी निवडलं? कुठल्या समितीनं? रीतसर कुणीच नाही. मिशनऱ्यानं शाळेत चुणचुणीत मुलगा पाहिला, त्याला नगरला पाठवलं, एवढंच. पण ही निवड वाटते तितकी अंदाधुंद नव्हती. तो त्याच वाड्यातल्या भाऊबंदकीतला असे. पावणेरावळे गावोगाव पसरलेले असत. मामाच्या गावाला, सासुरवाडीला सुवार्ता नात्याच्या वाटेनं जाई. परका उपदेशक वर्षभर बोलून जे साधू शकत नसे ते जावयाच्या एका मुक्कामात होई. हीच ती स्वप्रसार करणारी मंडळी, आणि तिच्यासाठी बोस्टनच्या ठरावाची गरज पडली नव्हती.

एक गुण मात्र हटकून पाहिला जाई, तो म्हणजे गळा. १८६० च्या दशकात नगरच्या कृष्णराव रत्नाजी सांगळे यांनी ख्रिस्ती कीर्तन उभं केलं. पूर्वरंग, उत्तररंग, मध्ये अभंग, मृदंगाची साथ, टाळ-चिपळ्या. आख्यान मात्र येशूचं. मिशनच्या मंडळ्या दरवर्षी ऑक्टोबरात नगरला जमत. गावोगावहून बैलगाड्या येत, आठवडाभर सभा, उपदेश, हिशेब, आणि रात्री कीर्तन. ज्यांना छापील अक्षर लागत नव्हतं त्यांना आख्यान तोंडपाठ होई. तासभराच्या उपदेशाला जो समाज पेंगायचा तो कीर्तनाला पहाटेपर्यंत बसायचा. हे पाहिल्यावर उपदेशक तयार करताना त्याला गाता येतं का, हे विचारणं ओघानंच आलं.

आणि बायका. त्यांना दीक्षा नव्हती, मंडळीच्या कागदांत त्यांचं नाव क्वचित येई. पण महारवाड्यातल्या बायकांत आणि त्याहून अधिक गावातल्या माजघरांत शिरकाव होता तो बायबलबाईचा, म्हणजे घरोघर जाऊन बायबल वाचून दाखवणाऱ्या ख्रिस्ती बाईचा. नगरला मिसेस बिसेल यांनी अशा बायकांचे वर्ग वर्षानुवर्षं चालवले. त्याआधी सिंथिया फरार होती: १८२७ मध्ये अमेरिकन बोर्डानं समुद्रापार पाठवलेल्या पहिल्या अविवाहित स्त्रियांपैकी एक, १८३९ पासून नगरला, १८६२ मध्ये मरेपर्यंत मुलींच्या शाळांत. सावित्रीबाई फुले यांनी शिक्षिकेचं प्रशिक्षण तिच्या संस्थेत घेतल्याचं त्यांचे चरित्रकार सांगतात. नगरमध्ये तयार झालेलं बाईमाणूस मराठी मुलखात काय करू शकतं याचा हा पुरावा डोळ्यांसमोर असताना पाळक म्हणून बाईचा विचार इथल्या मिशनला शिवला नाही, ही उणीव ठसठशीत आहे.

१८७८ मध्ये नगरला रीतसर थिऑलॉजिकल सेमिनरी सुरू झाली आणि ती रॉबर्ट अॅलन ह्यूम यांच्याकडे आली. ह्यूम मुंबईतच जन्मलेले, १८४७ मध्ये. वडील मिशनरी, मायदेशी परतताना १८५४ मध्ये समुद्रातच वारले. मुलगा येल आणि अँडोव्हरला शिकून १८७४ मध्ये परत आला तो पन्नासेक वर्षांसाठी. मिशनरी घराण्यांचं त्या वेळचं नातंगोतं पाहिलं तर नगरच्या कुठल्याही वतनदारीला लाजवील असं होतं. वडाळ्याच्या सॅम्युएल फेअरबँक यांनी हेन्री बॅलंटाइन यांची मुलगी केली होती, आणि फेअरबँक यांची मुलगी केटी पुढे ह्यूम यांची दुसरी पत्नी झाली. हे फेअरबँकही विलक्षण माणूस. नेवासे तालुक्यातल्या वडाळ्याला राहून त्यांनी मंडळ्या उभ्या केल्या, शेती-झाडांत लक्ष घातलं, आणि दख्खनच्या पक्ष्यांच्या याद्या इतक्या काळजीनं केल्या की पक्षिशास्त्राच्या त्या काळच्या नियतकालिकात त्या छापून आल्या.

ह्यूम यांच्या सेमिनरीत शिक्षण मराठीतून. शास्त्राभ्यास, उपदेशाची रीत, मंडळीचा इतिहास, आणि हिंदू धर्माची ओळख. सेमिनरीतला विद्यार्थी बहुधा आधी मास्तर म्हणून खेड्यात राबून आलेला, संसारी माणूस. हे चांगलं होतं. कोरी पाटी घेऊन आलेल्या पोराला पाळक करण्यापेक्षा ज्यानं तक्क्यात दिवा लावला आहे त्याला शिकवणं केव्हाही बरं.

गंमत नव्हे, दुःखाची गोष्ट अशी की इतरांची परीक्षा घेणाऱ्या या माणसालाच त्याच्या बोर्डानं परीक्षेत अडवून धरलं. १८८६ मध्ये ह्यूम रजेवर अमेरिकेत असताना त्यांनी एका मताबद्दल जाहीर सहानुभूती दाखवली. ज्यांना जिवंतपणी ख्रिस्त कधी ऐकायलाच मिळाला नाही त्यांना देव मृत्यूनंतर संधी देईल, अशी आशा धरायला हरकत नाही, असं ते मत. बोर्डातल्या कर्मठांनी हाकाटी केली आणि ह्यूम यांचं भारतात परतणं लांबलं. १८८७ मध्ये ते परत येऊ शकले. बोस्टनच्या दिवाणखान्यात हा सिद्धान्ताचा वाद असेल. नगरच्या खेड्यात तो रोजचा प्रश्न होता. बाप्तिस्म्याला उभा राहिलेला प्रत्येक जण विचारणार, माझ्या आजा-पणजाचं काय? ते नरकात, हे उत्तर ज्या पाळकाला छातीठोकपणे द्यावं लागतं त्याच्या मंडळीत कोण येईल, हे ह्यूम जाणत होते. पाळक तयार करायचा तर त्याच्या तोंडी कुठलं उत्तर द्यायचं हा प्रश्न ज्यानं मनाला लावून घेतला, त्याचा मान या जिल्ह्यानं ठेवला. आजही नगरचं ह्यूम मेमोरियल चर्च त्यांचंच नाव सांगतं.

मग १८९६-९७ आणि १८९९-१९०० चे दुष्काळ आले. मिशननं अनाथ पोरं शेकड्यांनी पदरात घेतली, खडी फोडण्याची, विणकामाची कामं काढली. ह्यूम यांना १९०१ मध्ये दुष्काळातल्या कामाबद्दल कैसर-ए-हिंद सुवर्णपदक मिळालं. माणसं वाचली, यापुढे दुसरा कुठलाच हिशेब मांडू नये. पण मंडळ्यांवर एक परिणाम झाला तो नोंदायला हवा. मिशन म्हणजे मायबाप ही भावना दुष्काळानं पक्की केली. चाळीस वर्षं स्वावलंबनाचे ठराव करून जी सवय लावायचा प्रयत्न होता, ती दोन उन्हाळ्यांत मागे गेली.

याच काळात नगरच्या सेमिनरीत एक मास्तर होता, नारायण वामन टिळक. कोकणातल्या करजगावचा ब्राह्मण, कवी, १८९५ च्या फेब्रुवारीत मुंबईत बाप्तिस्मा घेतलेला. १९०४ मध्ये त्याला दीक्षा मिळाली. पत्नी लक्ष्मीबाईंचा बाप्तिस्मा राहुरीला १९०० मध्ये झाला, आणि त्यांच्या ‘स्मृतिचित्रे’त नगर-राहुरीच्या मिशन जगाचं जे दर्शन घडतं ते कुठल्याही मिशनच्या अहवालात मिळणार नाही. टिळक पाळक घडवत होते आणि मनात पाळक घडवण्याच्या त्या साच्याशीच त्यांचा झगडा चालू होता. ख्रिस्ती माणूस मिशनच्या कंपाउंडात का राहतो? साहेबाच्या पगारावर का जगतो? मराठी मंडळीचं गाणं, बसणं, बोलणं परकं का वाटतं? वारकऱ्याला कुणी पगार देत नाही, तरी वारी शतकानुशतकं चालते, हे त्यांना दिसत होतं.

१९१७ मध्ये त्यांनी मिशनचा पगार सोडला. साताऱ्याला बिऱ्हाड केलं आणि ‘देवाचा दरबार’ काढला: ख्रिस्ताला गुरू मानणाऱ्यांची बंधुता, तिच्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले दोघेही. अशी बंधुता चालली असती का, हे पाहायला वेळच मिळाला नाही. १९१९ च्या ९ मे रोजी मुंबईत टिळक गेले. सत्तर वर्षांआधी मुंबईत जॉर्ज बोएन या अमेरिकन मिशनऱ्यानं असाच पगार सोडून गरिबांच्या वस्तीत खोली घेतली होती. पण बोएन सडा होता. टिळकांच्या मागे लक्ष्मीबाई, मुलं, सांभाळायला घेतलेली पोरं. वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी, घरखर्चाच्या चिंतेनं लोक नोकरीला चिकटून राहतात त्या वयात, त्यांनी उचललेलं ते पाऊल होतं. टिळकांना आपण कवी म्हणून आठवतो. पाळकाच्या भाकरीचा प्रश्न स्वतःच्या संसारावर घेऊन सोडवू पाहणारा माणूस म्हणूनही त्यांना आठवायला हवं.

पुढचं भराभर सांगता येईल. १९२४ मध्ये काँग्रिगेशनल आणि प्रेस्बिटेरियन मंडळ्या मिळून युनायटेड चर्च ऑफ नॉर्दर्न इंडिया झालं आणि ह्यूम त्याचे पहिले मॉडरेटर. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात सहा पंथ एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया, म्हणजे सीएनआय, स्थापन झालं. नगरच्या खेड्यांत १८७० च्या दशकापासून अमेरिकन मिशनशी चढाओढ करणाऱ्या एसपीजी या अँग्लिकन मिशनच्या मंडळ्याही त्याच छताखाली आल्या. ज्या पंथाला बिशप मान्य नव्हता त्याच्या मंडळ्यांवर आता बिशप आहेत, आणि नाशिक धर्मप्रांताचे बिशप राहतात नगरच्याच तारकपूर भागात.

आज सीएनआयमध्ये पाळक व्हायचं तर तरुणाला आपल्या मंडळीची शिफारस लागते. धर्मप्रांताची समिती त्याची मुलाखत घेते. मग सेरामपूर विद्यापीठाशी जोडलेल्या सेमिनरीत काही वर्षांचं पदवी शिक्षण, त्यानंतर उमेदवारी, डीकन म्हणून दीक्षा, आणि मग पूर्ण पाळकपद. नेमणूक आणि बदली बिशपांच्या हाती. आता बायकांनाही ही वाट खुली आहे. शिक्षण पूर्वीपेक्षा कितीतरी सखोल, पण ते बहुतांशी इंग्रजीतल्या पुस्तकांवर चालतं. अँडरसननं जे दार लावलं ते उघडलं आणि मराठीचं दार अर्धवट लोटलं गेलं. शिवाय १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार ख्रिस्ती झालेल्या दलितांना अनुसूचित जातीच्या सवलती नाहीत. बौद्धांना त्या १९९० मध्ये मिळाल्या. त्यामुळे नगरच्या ख्रिस्ती घरातला हुशार मुलगा किंवा मुलगी आधी पोटापाण्याची सोय पाहते. बेताचा पगार आणि दर काही वर्षांनी बदली असलेल्या पाळकपणाकडे ती वळेल, ही अपेक्षा तिच्यावर अन्याय करणारी आहे.

दुसरीकडे जिल्ह्यात स्वतंत्र प्रार्थनामंडळ्या वाढल्या आहेत. घराच्या ओसरीवर, पत्र्याच्या शेडमध्ये. त्यांचा पाळक बहुधा दिवसा दुसरं काम करतो. त्याचं शास्त्रशिक्षण कधी कधी अगदीच तोकडं असतं, त्यातून चुकीचे दावे आणि पैशाचे घोळही होतात. तरीही लोक त्याच्याकडे जातात, कारण तो हाकेच्या अंतरावर असतो.

आणि जुन्या मंडळ्यांत? खेड्यापाड्यांत एका पाळकाकडे अनेक गावं असतात. तो प्रभुभोजनाला ठरलेल्या रविवारी येतो. उरलेले रविवार गावातलाच कुणी चालवतो: निवृत्त शिक्षिका, दूध डेअरीत काम करणारा, चार एकर कांदा लावणारा. वाचन तोच निवडतो, गाणं तोच धरतो, कुणी दगावलं तर पाळक पोचेपर्यंत घरच्यांजवळ तोच बसतो. त्याला पगार नाही, दीक्षा नाही, कुठल्या समितीनं त्याची मुलाखत घेतलेली नाही. धर्मप्रांतानं या माणसांसाठी वडाळा, राहुरी, शेवगाव अशा ठिकाणी मराठीतून, कामाचे दिवस सोडून, वर्षभर चालणारे वर्ग काढावेत. त्यांना पुस्तकं द्यावीत, मंडळीच्या कारभारात मत द्यावं. सेमिनरीत पाठवायला पुढचा उमेदवार शोधताना मुलाखतीला बोलावण्याआधी बिशपांच्या समितीनं एखाद्या रविवारी, पाळक नसताना, त्या गावच्या उपासनेला जाऊन मागच्या बाकावर बसावं.